डेडलाइनचा विग्रह

आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप ग्रुपवर आला, तो असा : "लेख पाठवायची डेडलाइन महिनाअखेर. नंतर रडू नये." त्याखाली भराभर अंगठे उमटले आणि माझा अंदाज आहे की त्या दिवशी एकानेही लेख लिहायला घेतला नाही. निबंधाच्या वह्या जमा करायच्या आदल्या रात्री जागणारी आपली बॅच. इतक्या वर्षांत त्यात काही फरक पडलेला नाही.

शाळेत 'डेडलाइन' हा शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. तेव्हा 'शेवटची तारीख' असायची. फीची, परीक्षेच्या फॉर्मची, भूगोलाच्या नकाशावहीची. डेडलाइन मला भेटली ती नोकरी लागल्यावर. सॉफ्टवेअरच्या धंद्यात सकाळी चहाबरोबर हा शब्द सुरू होतो आणि रात्री जेवणाच्या ताटावरही तो फोनमधून बोलत असतो. पण त्या निरोपानंतर पहिल्यांदाच मनात आलं, की हा समास आहे. आणि समास म्हटलं की आपल्या मराठीच्या बाई समोर उभ्या राहिल्याच. "शब्द तोंडात घेताय, पण तो फोडून बघितलात का? कर विग्रह!"

तर बाई, थोडा उशीर झालाय, पण करते विग्रह.

इंग्रजीतले रोजचे जोडशब्द फोडायला लागलं की मजा येते. 'ब्लॅकबोर्ड' म्हणजे काळा असा फळा, सरळ कर्मधारय, पैकीच्या पैकी गुण. 'ब्रेकफास्ट' म्हणजे रात्रभराचा उपास मोडणं. म्हणजे आपलं पारणंच, फक्त रोज सकाळचं. 'कपबोर्ड' म्हणजे मुळात कप मांडून ठेवायची फळी, दारं आणि कप्पे नंतर आले. (आपलं 'कपाट' ऐकायला तसंच वाटलं तरी ते वेगळ्या घरातलं. संस्कृतात कपाट म्हणजे दाराचं झडप, आणि 'कवाड' हे त्याचंच भावंड.)

आता 'डेडलाइन'. यातल्या 'लाइन'चा माग काढत गेलं की आपण थेट स्वयंपाकघरात पोचतो. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचा दोरा तो 'लिनिया', आणि दोरा ताणून आखलेली रेघ ती 'लाइन'. 'लिनन'चं कापड त्याच घरातलं, कोटाचं 'लायनिंग' त्याच घरातलं, आणि आपली मुलं क्रिकेटच्या बॅटला चोळायची ते 'लिनसीड ऑइल' म्हणजे तर जवसाचंच तेल. आपण भाकरीबरोबर जवसाची चटणी खातो, तेव्हा ताटात 'लाइन'चं मूळच वाढलेलं असतं.

'डेड' तसा सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. इंग्रजीत डेड म्हणजे मेलेला, तसाच निश्चल, बंद पडलेला, पुढे न जाणाराही. 'डेड एंड'ला कुणी मेलेलं नसतं आणि 'डेडलॉक'मधेही कुणाचा जीव जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न हलणाऱ्या, एका जागी बांधून ठेवलेल्या दोरीलाही 'डेड लाइन' म्हटल्याचं सापडतं. तेव्हा परीक्षेत कुणी 'मृत अशी रेषा, कर्मधारय समास' असं लिहिलं असतं, तर बाईंनी अर्धा गुण तरी दिला असता. पण आपण रोज वापरतो त्या डेडलाइनचा विग्रह तो नाही. तो शोधायला अमेरिकेतल्या यादवी युद्धात जावं लागतं.

१८६१ ते १८६५ अशी चार वर्षं अमेरिकेची उत्तरेकडची राज्यं आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं एकमेकांशी लढली. सुरुवातीला पकडलेल्या सैनिकांची अदलाबदल होत असे. १८६२ मध्ये तसा रीतसर करारही झाला होता. पण उत्तरेच्या सैन्यात काळे सैनिक भरती झाले, तेव्हा त्यांना युद्धकैदी मानायला दक्षिणेनं नकार दिला. त्यांच्या लेखी ते पळालेले गुलाम होते. आमच्या सगळ्या सैनिकांना एकच न्याय लावा, असा उत्तरेचा आग्रह. या आणि अशा कारणांनी १८६३ मध्ये अदलाबदल जवळजवळ थांबली आणि दोन्ही बाजूंचे तुरुंग तुंबायला लागले.

फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेनं जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल या छोट्या गावाजवळ नवा तुरुंग सुरू केला. तुरुंग म्हणजे इमारत नव्हेच. पाइनचे सोट उभे पुरून केलेली पंधरा फुटांच्या वरची भिंत आणि आत उघडं मैदान. छप्पर नाही, कोठड्या नाहीत. कैद्यांनी घोंगड्या, फाटके कोट, काटक्या जे मिळेल त्याचा आडोसा करायचा. मधून एक ओढा वाहत होता. प्यायला, धुवायला आणि शौचाला तेवढाच. आणि तो आत येण्याआधी पहारेकऱ्यांच्या छावणीतली घाण घेऊनच येत असे.

जागा ठरवली होती दहा हजार माणसांसाठी. जून १८६४ मध्ये ती वाढवून साधारण साडेसव्वीस एकर केली. ऑगस्टमध्ये आत बत्तीस हजारांवर माणसं होती. सवयीनं मी भागाकार करून बघितला. माणशी छत्तीस चौरस फूट, म्हणजे सहा बाय सहा. आपल्या वर्गातल्या दोन बाकांना लागत असेल तेवढी जागा. त्यातही ओढ्याकाठची दलदल वजा करायची. आणि आणखी एक गोष्ट वजा करायची, तीच आपली रेषा.

भिंतीपासून आत सुमारे १९ फुटांवर, चारी बाजूंनी, जमिनीत खुंट ठोकून त्यावर हलक्या फळ्या मारल्या होत्या. कमरेएवढं साधं कुंपण, वासरूसुद्धा अडणार नाही असं. काही ठिकाणी तर फळी मोडून पडलेली असे आणि रेषा नुसती अंदाजानं ओळखायची. भिंतीवर दर ९० फुटांवर पहारेकऱ्याचं मचाण. हुकूम असा, की कुंपण ओलांडणाऱ्याला, नव्हे, त्याला हात लावणाऱ्यालाही गोळी घालायची. आधी सूचना देणं बंधनकारक नाही. या कुंपणाचं नाव 'डेड लाइन'. मे १८६४ मधल्या दक्षिणेच्याच एका अधिकाऱ्याच्या पाहणी अहवालात हे कुंपण याच नावानं नोंदलेलं आहे. भिंत आणि रेषा यांच्यामधली ती पट्टी हिशेबानं दोन एकरांच्या आसपास भरते. आत माणसाला पाय पसरायला जागा नाही आणि ही दोन एकर जमीन रिकामी.

म्हणजे बाई, हा मध्यमपदलोपी समास आहे. 'पुरणपोळी'चा विग्रह आपण 'पुरण घालून केलेली पोळी' असा करायचो, मधली पदं गाळलेली असतात म्हणून. तसंच इथे : 'ओलांडली तर ओलांडणारा मरेल अशी रेषा'. मधली सगळी पदं गळून गेली. त्या पदांबरोबर माणसंही गेली.

लोक रेषेकडे जातच का होते? त्याचं एक उत्तर पाणी. ओढा जिथे भिंतीखालून आत शिरत असे, तिथलं पाणी त्यातल्या त्यात बरं. पुढे हजारो माणसांचे हातपाय धुतलेलं पाणी वाहत असे. म्हणून तहानलेला माणूस वरच्या बाजूला सरकायचा, रेषेखालून हात लांबवून डबा बुडवायचा. तेवढ्यासाठी गोळी खाल्लेल्यांच्या हकिगती सुटून आलेल्या कैद्यांनी पुढे साक्षीत सांगितल्या. आजारानं भ्रमिष्ट झालेले काही जण भान नसल्यानं पलीकडे गेले, काही जण जाणूनबुजून गेले.

पण इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर इतिहासावर अन्याय होईल. अँडरसनव्हिलमध्ये चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी आले आणि त्यातले जवळजवळ १३ हजार मेले. त्यातले रेषेवर मेलेले अगदी थोडे. बाकीच्यांना मारलं ते जुलाबानं, आमांशानं, ताज्या भाजीअभावी होणाऱ्या स्कर्व्हीनं आणि उपासमारीनं. खुंटांची ती रेषा डोळ्यांना दिसत होती म्हणून तिचं नाव राहिलं. खरं मारणारं होतं ते पाणी, ती गर्दी आणि आधी कुणीच न केलेलं नियोजन. आणि अशा रेषा फक्त दक्षिणेत नव्हत्या. उत्तरेच्या ताब्यातल्या जॉन्सन्स आयलंड, रॉक आयलंड अशा तुरुंगांतही होत्या. त्यांच्याही आत माणसं मेली.

याच तुरुंगात डॉरेन्स ॲटवॉटर नावाचा कनेक्टिकटचा एक पोरगा होता. पकडला गेला तेव्हा अठरा वर्षांचा. अक्षर चांगलं असावं, कारण त्याला मृतांची नोंदवही लिहायच्या कामावर बसवलं. रोज मेलेल्यांची नावं, पलटण, तारीख, कारण, कबरीचा क्रमांक. ही वही युद्धानंतर घरच्यांपर्यंत पोचेल याचा त्याला भरवसा नव्हता. म्हणून त्यानं गुपचूप दुसरी प्रत केली आणि सुटताना अंगावरच्या कोटाच्या अस्तरात लपवून बाहेर आणली. (अस्तर म्हणजे लायनिंग. जवसाचा धागा इथेही आहेच.) आमच्या धंद्यात 'बॅकअप घेतलास का?' हे आम्ही नव्या मुलांना दिवसातून दहा वेळा विचारतो. ॲटवॉटरच्या बॅकअपमागे मात्र पकडलं गेलो तर काय होईल ही भीती होती.

१८६५ च्या उन्हाळ्यात तो आणि क्लारा बार्टन अँडरसनव्हिलला परत गेले. याच बार्टनबाईंनी पुढे १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली. यादीतला क्रमांक आणि कबरीवरचा क्रमांक जुळवत जवळजवळ १३ हजार कबरींवर नावाच्या पाट्या लागल्या. 'अज्ञात' राहिल्या त्या फक्त साडेचारशेच्या आसपास. आणि ॲटवॉटरचं बक्षीस काय? यादी कुणाच्या मालकीची, यावरून सरकारशी वाद झाला, त्यानं स्वतःची यादी परत घेतली म्हणून चोरीचा खटला चालला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. काही आठवड्यांनी सुटका झाल्यावर १८६६ मध्ये ती यादी न्यूयॉर्क ट्रिब्यूननं छापली. मग कुठे अनेक घरांना आपला मुलगा कुठे पुरला आहे हे कळलं.

तुरुंगाच्या आतल्या भागाचा प्रमुख होता हेन्री विर्झ, मूळचा स्वित्झर्लंडचा. १८६५ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर वॉशिंग्टनमध्ये लष्करी आयोगापुढे त्याच्यावर खटला चालला. आयोगाचे अध्यक्ष होते ल्यू वॉलेस. पुढे 'बेन-हर' कादंबरी लिहिणारे तेच. साक्षीदारामागून साक्षीदार 'डेड लाइन'बद्दल बोलत होते आणि वर्तमानपत्रं ते देशभर पोचवत होती. १० नोव्हेंबर १८६५ रोजी विर्झला फाशी झाली. तो खलनायक होता की वरच्यांच्या पापाचा धनी, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण खटला संपला तेव्हा तुरुंगातला हा शब्द घराघरांत पोचलेला होता.

शब्द एकदा तुरुंगातून सुटला की कुठेही राहायला जातो. कुरणांवरून गाई पाळणारे आणि मेंढ्या पाळणारे यांच्यात भांडणं झाली, तेव्हा 'या डेडलाइनच्या पुढे मेंढ्या आल्या तर बघा' अशा धमक्या निघाल्या. टेक्साससारख्या भागातून आलेल्या गुरांबरोबर रोग येतो म्हणून कॅन्ससनं बंदीची सीमा आखली, तिलाही डेडलाइन म्हणू लागले. डॉज सिटी गावात रेल्वेचे रूळ ही डेडलाइन झाली. रुळांच्या उत्तरेला बंदूक घेऊन फिरायचं नाही. १८८० मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस अधिकारी थॉमस बर्न्स यांनी फुल्टन स्ट्रीट ही डेडलाइन ठरवली. त्याच्या दक्षिणेला, वॉल स्ट्रीटच्या पेढ्यांच्या बाजूला, नोंदलेला चोर नुसता दिसला तरी आत.

इथपर्यंत रेषा जमिनीवरच आहे. मग ती हळूच काळावर सरकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाद्री मंडळींत 'पन्नाशीची डेडलाइन' अशी चर्चा होती. पन्नास ओलांडलेल्या पाद्र्याला नव्या चर्चची नेमणूक मिळत नाही, अशी तक्रार. (आपल्या बॅचनं हे वाक्य दोनदा वाचायची गरज नाही.) छापखान्यातही हा शब्द होता. यंत्राच्या पाट्यावर एक खूण असे, तिच्या बाहेर खिळे गेले तर तेवढा मजकूर छापलाच जात नसे. ती डेडलाइन. आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वार्ताहर घड्याळाकडे बघत बसलेले असत. अमुक वाजता पानं खाली गेली नाहीत तर यंत्र थांबणार नाही, अंक घेऊन जाणारी गाडीही थांबणार नाही. १९२० मध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीवर 'डेडलाइन ॲट इलेव्हन' नावाचा मूकपट आला, म्हणजे तोवर सामान्य प्रेक्षकालाही या शब्दाचा वेळेशी असलेला संबंध समजावून सांगावा लागत नव्हता. छापखान्यातून तो कारखान्यात, कचेरीत, आणि मग आमच्यासारख्यांच्या संगणकात आला. वाटेत दोन शब्दांतली फटही बुजली.

आता मराठीकडे या. आपल्याकडे यासाठी शब्द आहे 'मुदत', अरबीतून फारसीमार्गे आलेला. मुदत म्हणजे काळाचा पल्ला. ती 'दिली' जाते, 'मागितली' जाते, 'वाढवून' मिळते. मुदत म्हटलं की देणारा आणि घेणारा अशी दोन माणसं डोळ्यासमोर येतात, आणि त्यांच्यात बोलणं शक्य असतं. डेडलाइन म्हटलं की फक्त रेषा दिसते. ती कुणी आखली हे त्या शब्दात कुठेच नाही. आपल्याकडे रेषाही आहे म्हणा, लक्ष्मणरेषा. पण ती आतल्या माणसाला जपण्यासाठी आखलेली.

हे सगळं मी का शोधत बसले, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. आईचं ऑपरेशन होतं, त्यानं दोन दिवस मागितले. मी म्हणाले, "कळतंय रे, पण डेडलाइन हलत नाही." तो काही बोलला नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं काम पुरं केलं, वेळेच्या चार तास आधी. समोरच्या मंडळींनी ते उघडून बघितलं अकरा दिवसांनी. त्याची आई बरी झाली, नंतर त्यानं नोकरीही बदलली. ती रेषा मी आखलेली नव्हती, हे खरं. पण मचाणावर उभी मी होते, आणि वरती एक फोन करून मुदत मागावी हे मला सुचलंसुद्धा नाही. कुणी मागितलीच नाही म्हणून ती हलली नाही.

अँडरसनव्हिलशी आपल्या कामाची तुलना करणं चूक आहे. तिथे माणसं मेली, आमच्याकडे फार तर कुणाची रजा बुडते. तरीही त्यानंतर टीमशी बोलताना मी 'डेडलाइन' कमी म्हणते. 'मुदत अमुक तारखेची आहे, अडचण असेल तर आधी सांगा' असं म्हणते. नव्या मुलांना सुरुवातीला हसू येतं, पण अडचण सांगायला ती खरंच आधी येतात. कामं तरीही वेळेवर होतात, निदान पूर्वीइतकी तरी.

बाई, तुम्ही वह्यांची शेवटची तारीख द्यायचात, आणि त्या तारखेनंतर दोन दिवस स्टाफरूमच्या बाहेरच्या खिडकीत एक रिकामी जागा ठेवायचात. तिथे आपापल्या वह्या गुपचूप ठेवून पळणाऱ्यांत मी होते. तुम्ही कधी विचारलं नाहीत. ती जागा कशासाठी होती, हे आत्ता कळतंय.

आणि संपादक मंडळ, हा लेख दोन दिवस उशिरा पाठवते आहे. मुदतवाढ असावी.